थाप कुणी मारायची?

“मामा, तुमचा डावा खांदा संध्याकाळी सात ते आठ मोकळा असतो का?”

भाच्याचा फोन होता. भाचे मामाकडे पैसे मागतात, लग्नासाठी गाडी मागतात, फार तर कुणाच्या तरी ओळखीची चिठ्ठी मागतात. खांद्याच्या देण्याघेण्याचा आपल्याकडे एकच व्यवहार आहे, आणि त्यात घेणारा स्वतः फोन करत नसतो. माझा चेहरा बघून हिने स्वयंपाकघरातून विचारलं, “कोण गेलं?”

“अजून कुणी नाही,” मी म्हटलं.

माझा डावा खांदा तेव्हा दिवाळीपासून आखडलेला. डॉक्टर त्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात. चाळिशी ते साठीच्या दरम्यान तो कुणालाही गाठतो आणि मधुमेहवाल्यांशी जरा जास्त सलगी करतो. माझ्याकडे वय आहे आणि साखरही आहे. प्रवरानगरच्या जिल्ह्यात राहायचं आणि साखर फक्त कारखान्यात असावी म्हणायचं, हे काही बरं नव्हे. तर हा हात वर जायचा तो कॅलेंडरच्या खालच्या कडेपर्यंत. बाजूला जायचा तो पंगतीत शेजारच्याच्या आमटीपुरता. मागे जेमतेम वितीभर. पाकीट मागच्या खिशातून पुढच्या खिशात आलं, बंडी घालताना हिची मदत लागू लागली आणि पाठ खाजवायला मी दाराची चौकट वापरू लागलो. आमच्या वाड्यातल्या म्हशीला पूर्वी मी यावरून हसत असे.

असला खांदा कुणाला कशाला हवा?

भाच्याने खुलासा केला. तो मूळचा मातीतला गडी. वेशीजवळच्या तालमीत वाढला, पंधराव्या वर्षापासून हगामे खेळला. (गावजत्रेत भरणाऱ्या कुस्त्यांच्या फडाला आमच्याकडे हगामा म्हणतात. शब्द ऐकून परगावचे पाहुणे दचकतात, पण एकदा हलगी वाजली की विसरतात.) त्याच्या आईच्या मते त्याने हगामे गाजवले. त्याच्या वस्तादांच्या मते तो रेवड्यांपासून नारळापर्यंत आणि नारळापासून पाचशे एकापर्यंत पोचला आणि तिथे चहाला थांबला. पुढे नोकरीसाठी पुण्याला गेला, तिथे ग्रॅपलिंग नावाचा प्रकार शिकला आणि आता परत येऊन नगरच्या सावेडीत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर निळ्या गाद्या टाकून तो शिकवतो. सकाळी त्याच गाद्यांवर बायकांचा योग चालतो, त्यामुळे गाद्यांना सवय आहे.

ग्रॅपलिंग म्हणजे अशी कुस्ती की जिच्यात पाठ टेकली तरी कुणी शिट्टी फुंकत नाही. समोरच्याचा गळा किंवा एखादा सांधा अशा कोनात आणायचा की त्याने स्वतःहून ‘पुरे’ म्हणावं. पुरे म्हणायची रीत ठरलेली आहे. हाताने थाप मारायची. गादीवर मारा, समोरच्याच्या अंगावर मारा. हात अडकले असतील तर पाय आपटा, नाहीतर तोंडाने ओरडा. थाप पडली की डाव त्याच क्षणी सोडायचा. सगळा खेळ त्या थापेच्या भरवशावर चालतो.

“आता खांद्याचे डाव शिकवायचेत,” भाचा म्हणाला. “पण पोरांना खांदा कुठं संपतो तेच कळत नाही, मामा. धडधाकट पोराचा हात पाठीवरून पार मानेपर्यंत जातो, अजून जाईल अजून जाईल वाटतं, आणि मग एकदम कड्कन. तुमचा वितीभर गेला की थांबतो. शिकवायला एक नंबर!”

मी बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. खडू, फळा, पृथ्वीचा गोल, मातीचा किल्ला ही शैक्षणिक साधनं मला माहीत होती. निवृत्तीनंतर आपणच एक होऊ, असं वाटलं नव्हतं. कुणीही तो हात ओढायचा नाही, नुसता ठेवून दाखवायचा, या अटीवर मी हो म्हटलं.

वर्गात सोळा पोरं आणि तीन पोरी. मी शाळामास्तर असल्यामुळे मला नावं लक्षात राहत नाहीत, गावं राहतात. एक शेवगावचा, मान आणि डोकं यांच्यात फरक नसलेला. एक पाथर्डीचा, एक जामखेडचा, एक श्रीगोंद्याची मुलगी, आणि एक सावेडीतलाच फ्लॅटमधला मुलगा, ज्याने सगळे डाव मोबाइलवर पाहिले होते आणि एकही केला नव्हता. कोपऱ्यात खुर्ची टाकून भाच्याचे जुने वस्ताद बसलेले. आपला पठ्ठ्या कुठल्या धंद्याला लागलाय, ते बघायला आले होते.

भाच्याने नमस्कार केला, गादीच्या मधोमध गेला आणि उताणा झोपला.

वस्ताद ताडकन उठले. “आरं, सुरू व्हायच्या आधीच पडला का रं हा?”

“नाही वस्ताद, इथून दाखवायचंय.”

“पाठ टेकून?”

“हो.”

“मंग इनाम कुणाला द्यायचं?”

माझ्या मते त्या संध्याकाळचा सगळ्यात अवघड प्रश्न हाच होता. ज्या माणसाने साठ वर्षं पोरांना एकच गोष्ट सांगितली, की बाबा, काय वाट्टेल ते होऊ दे, खांदे मातीला लागू देऊ नको, त्याच्यापुढे त्याचाच चेला अस्मान बघत पडून म्हणतो की डाव इथून सुरू होतो. भाचा समजावू लागला की समोरचा माझ्या दोन्ही पायांच्या मध्ये आहे, म्हणजे तो माझ्या ताब्यात आहे. वस्ताद म्हणाले, “पडलेला समदाच असं म्हणतो.”

मग डाव सुरू झाला. समोरच्याने आपल्या बाजूला हात टेकला की त्याचं मनगट धरायचं, अंगठा बाजूला न काढता पाचही बोटं एकाच अंगाने. उठून बसल्यासारखं करून आपला दुसरा हात त्याच्या दंडावरून न्यायचा, खालून घ्यायचा आणि स्वतःचंच मनगट पकडायचं. दोघांच्या हातांचा मिळून चारचा आकडा होतो. भाचा पुण्यात ‘फिगर फोर’ असं शिकलेला, इथे त्याने सरळ सांगितलं, “हातांचा चार करा.”

आणि इथे मराठी माध्यम आडवं आलं. फ्लॅटमधल्या मुलाने इंग्रजी चार केला आणि त्याचं बरोबर आलं. बाकीच्या पोरांनी केला तो आपला चार, ४, खाली वेटोळं आणि वर दोन्ही टोकं उघडी. पाथर्डीच्या मुलाने तर इतका सुबक ४ काढला की त्याचे स्वतःचेच दोन्ही हात त्यात अडकले आणि ते सोडवायला समोरच्याने मदत केली. चूक त्याची नव्हती. त्या आकड्याला मी बत्तीस वर्षं पैकीच्या पैकी गुण दिले असते.

शेवटी मला बोलावण्यात आलं. मी सांगितलं, आकडा विसरा, गवंड्याचा गुण्या आठवा. कोपरात काटकोन पाहिजे. हात सरळ झाला की निसटतो, फार मुडपला की जोर लागत नाही. कोपर त्याच्या अंगाला चिकटवायचं, काटकोन तसाच ठेवायचा आणि पंजा पाठीमागून वर न्यायचा. हाताने ओढायचं नाही, सगळं अंग वळवायचं. गुण्या म्हटल्याबरोबर पोरांना उजेड पडला, निम्म्यांची घरं बांधकामात होती. भाच्याने माझा डावा हात अलगद पाठीमागे ठेवला आणि सगळ्यांना दाखवलं. “बघा, इथं मामा थांबले. आता मामांच्या तोंडाकडं बघा. ही जागा ओळखायची.” एकोणीस जणांनी रांगेने येऊन माझं तोंड पाहिलं. लग्नानंतर इतकं बारकाईने कुणी पाहिलं नव्हतं.

खांदा हा मुळात फसवा सांधा. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा, आणि तो ज्या खोबणीत बसतो ती अगदी उथळ, बशीवर लिंबू ठेवल्यासारखी. चार लहान स्नायू आणि एक पिशवी त्याला कसंबसं धरून असतात. म्हणून शरीरात सगळ्यात जास्त फिरणारा सांधा हाच आणि सगळ्यात जास्त निखळणाराही हाच. निसर्गाने असा तकलादू माल दिला आणि मराठी भाषेने संसाराची सगळी ओझी नेमकी त्यावरच टाकली. जबाबदारी खांद्यावर, बंदूक दुसऱ्याच्या खांद्यावर, काम खांद्याला खांदा लावून, मंत्रिमंडळात खांदेपालट, आणि शेवटी चौघांचे खांदे. त्याचं मोल ओळखलं ते फक्त बैलाच्या मालकाने. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण असते. बैलाच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळतात आणि उद्या जेवायला या म्हणून आवतण देतात. वर्षभर जू ओढून का होईना, त्याच्या खांद्याची कुणीतरी विचारपूस करतं. हे मी हिला ऐकवलं. ती म्हणाली, बैल वर्षभर काम करतो.

या डावाची उलटी बाजूही आहे. हात पाठीमागे नेण्याऐवजी डोक्याच्या बाजूला, पंजा वर, पाठ गादीला, आणि तो पंजा जमिनीला चिकटलेला ठेवून खाली कमरेकडे ओढत आणायचा. त्याला अमेरिकाना म्हणतात. भाच्याने सांगून पाहिलं, भिंतीला रंग देतात तसा ब्रश फिरवा. कुणालाच जमेना. मग पाथर्डीचा म्हणाला, “सर, म्हंजी सारवायचं का?” आणि त्याने असा काही हात ओढला की खालच्या पोराने एकदम आईची आठवण काढली. शेणाने सारवताना हात जमिनीवरून उचलत नाहीत, वळसा मोडत नाहीत, तेच मर्म. फ्लॅटमधल्या मुलाला ‘फरशी पुसल्यासारखं कर’ सांगितलं तर तो म्हणाला, आमच्याकडे मावशी येतात. माझ्यावर हा डाव दाखवताच आला नाही. आखडलेल्या खांद्याची बाहेरची फिरकी सगळ्यात आधी जाते. भाच्याने पंजा चार बोटं हलवला आणि तिथेच हात जोडले. पायाने खांदा पिरगाळण्याचाही एक डाव आहे, ओमोप्लाटा; पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ खांद्याचं फावडं इतकाच. तो बघायला वस्ताद थांबले नाहीत, चहाला गेले.

पाठीमागून जाणाऱ्या डावाचं नाव किमुरा. पहिल्या दिवशी त्याचा ‘कमरा’ झाला, दुसऱ्या दिवशी ‘किती मुरा’. वस्तादांनी नावालाच हरकत घेतली. जुन्या मल्लविद्येत कुस्तीचे चार प्रकार सांगतात, हनुमंती, भीमसेनी, जांबवंती आणि जरासंधी. जांबवंतीत धरून, जखडून शरण आणायचं. जरासंधीत थेट हाडाशी आणि सांध्याशी गाठ. “हे समदं आपल्याकडं आधीपास्नं हाये,” वस्ताद म्हणाले. मी विचारलं, मग तुम्ही शिकवलं का नाही? ते म्हणाले, “शिकिवलं आस्तं तर हगाम्यातनं पोरगा घरी कोन नेनार?” खरं आहे. आजच्या कुस्तीच्या नियमात दंडाचा कोन काटकोनाच्या पुढे मोडायलाच बंदी आहे. ज्युदोत गंमत अशी की हा डाव चालतो, पण सांध्यांपैकी फक्त कोपरावर डाव टाकायला परवानगी, म्हणून त्याची नोंद कोपरात केलेली. कागदोपत्री कोपर, दुखतो खांदा. सरकारी नोकरीत राहिलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही.

नाव किमुरा का पडलं, ते भाच्याने सांगायचं ठरवलं, आणि त्यामागे त्याचा शिक्षकी डाव होता. पोरं डाव टाकायला शिकली होती, थाप मारायला तयार नव्हती. गोष्टीतून कळेल असं त्याला वाटलं. मीही आयुष्यभर हेच समजत आलो.

तर १९५१ चा ऑक्टोबर, ब्राझीलमधलं रिओ, माराकाना मैदान. जपानचा मासाहिको किमुरा, ज्युदोतला त्या काळचा वाघ, आणि ब्राझीलचा एलिओ ग्रेसी, अंगाने किरकोळ पण चिवट. ठरलं असं की आपटल्याने किंवा पाठ टेकल्याने निकाल नाही, शरण आला तरच निकाल. किमुराने त्याला वर्तमानपत्र आपटावं तसा आपटला. शेवटी त्याचा हात गुण्यात धरला आणि पाठीमागे वळवला. ग्रेसी थाप मारेना. हाड मोडल्याचा आवाज आला, तरी मारेना. किमुरा आणखी वळवू लागला तेव्हा ग्रेसीच्या थोरल्या भावाने, कार्लोसने, टॉवेल टाकला आणि कुस्ती सुटली. ब्राझीलवाल्यांनी मग त्या डावालाच किमुराचं नाव देऊन टाकलं. ज्याने आपला हात मोडला त्याचं नाव डावाला देणारी माणसं मला थोर वाटली. आमच्याकडे हरलेल्या गड्याने आजवर फक्त मातीला नावं ठेवलेली आहेत.

“मग काय शिकलो?” भाच्याने विचारलं.

शेवगावचा उभा राहिला. डोळे भरून आलेले. “सर, हाड मोडलं तरी हार मानली नाय!” आणि सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या.

भाच्याने दुसऱ्या दिवशी जवळची गोष्ट काढली. १२ डिसेंबर १९७६, कराची. आपल्या गामा पहिलवानांचा पुतण्या अक्रम आणि जपानचा अँटोनियो इनोकी. इनोकीने हाच डाव धरला. अक्रम शरण येईना आणि खांदा गेला. म्हणजे पंचवीस वर्षांच्या अंतराने दोन खंडांत दोन माणसं, दोघांना वेळेवर थाप मारता येत होती आणि दोघांनी मारली नाही. या वेळी टाळ्या जास्त वाजल्या, कारण गामांचं घराणं. जामखेडच्या मुलाने शिट्टीही मारली. वस्तादांनी हात जोडून वर बघितलं.

हा रोग या गावाच्या पाण्यातला आहे, असं माझं मत झालंय, आणि त्याला साक्षीदारही आहे. फरिश्ता नावाचा इतिहासकार लहानपणी इथे आला, निजामशाहीत वाढला आणि पुढे विजापूरला जाऊन त्याने दख्खनचा इतिहास लिहिला. तो सांगतो की १४९० साली निजामशाही उभी करणाऱ्या अहमदशहाला तलवारबाजीचा भारी नाद. धन्याला आवडतं म्हणून गावातली तरणी पोरं त्याच्याच मागे लागली. गल्लोगल्ली शाळांऐवजी तलवारीचे आखाडे झाले. जो तो म्हणे श्रेष्ठ मीच, मग सुलतानासमोर जोड लागायची. हे खूळ इथून दख्खनभर पसरलं, असं फरिश्त्याने जरा नाक मुरडूनच लिहिलंय. आता या जोडीत हरलेल्याने थाप मारायची सोय होती का, याचा उल्लेख मला सापडला नाही. तलवारीच्या खेळात ती सोय उशिराच सुचत असावी. शहराचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, पाट्या बदलल्या, नाद तोच.

शिवाय आमच्या भागात थापेचे अर्थ आधीच वाटून झालेले. मांडीवर मारली तर शड्डू, म्हणजे ये लढायला. पाठीवर मारली तर शाबासकी. पिठाच्या गोळ्यावर मारली तर भाकरी, शेणाच्या गोळ्यावर मारली तर गोवरी, ढोलकीवर पडली तर तमाशा. आणि तोंडाने मारली तर ती शुद्ध लबाडी. एवढ्या गर्दीत शरणागतीने बसायचं कुठे?

शेवगावच्याचा हात एकदा पार शेवटाला गेला होता. भाचा ओरडतोय, “थाप मार, थाप मार!” हा दात आवळून म्हणतो, “सर, मी कधी थापा मारत नाय.” खांद्यातून सुपारी फुटल्यासारखा आवाज आला. पुढचे पंधरा दिवस तो भिंतीला टेकून, हात गळ्यात अडकवून वर्ग बघत होता, आणि चेहऱ्यावर असं समाधान की जणू त्याच्या नावाने डाव निघालाय.

जामखेडच्याचा प्रकार उलटा. त्याला पाथर्डीच्याने इतक्या सफाईने धरलं की ह्याच्यातला रसिक जागा झाला. “वा रं पठ्ठ्या!” म्हणून त्याने मोकळ्या हाताने त्याच्या पाठीवर थाप मारली. पाथर्डीच्याने डाव सोडला आणि हात वर केले. जामखेडचा म्हणाला, मी शरण आलोच नव्हतो, मी कौतुक केलं. पाथर्डीचा म्हणाला, कौतुक डाव सुटल्यावर करायचं. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. गुरुजी, निकाल द्या.

नगरमध्ये खांद्यावरून निकाल देणं किती जोखमीचं आहे, हे मला ठाऊक होतं. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत वाडिया पार्कवर ६७ वी महाराष्ट्र केसरी झाली. पृथ्वीराज मोहोळने गदा नेली, ते राहिलं बाजूला. गादी विभागातल्या निर्णायक कुस्तीत खांदे टेकले की नाही यावरून असं रान पेटलं की पंचाच्या अंगावर जाण्यापर्यंत गोष्ट गेली आणि त्या स्पर्धेतल्या दोन मल्लांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. त्यानंतर कितीतरी दिवस चहाच्या टपरीवर माणसं एकमेकांना बाकड्यावर आडवं करून खांदा आणि फळी यांच्यात किती बोटं जातात ते मोजत होती. मी स्वतः एकदा आडवा झालोय. माझ्या खांद्याखाली दोन बोटं गेली, पण ती खांदा आखडल्यामुळे.

तर मी निकाल दिला. एकदा मारली तर शाबासकी, लागोपाठ तीनदा मारली तर शरणागती. कुणी अंगावर आलं नाही. हा नियम आता त्या वर्गाच्या भिंतीवर लिहिलाय, खाली माझं नाव नाही, याचं मला वाईट वाटतं.

नियम झाला तरी तीनदा मारणार कोण? सगळ्या वर्गात एकटी श्रीगोंद्याची मुलगी मारायची. हात अडकला की ठक ठक ठक, उठली, केस बांधले, पुन्हा सुरू. पोरं आपापसांत कुजबुजायची की हिच्यात जिगर नाही. महिन्याभरात हिशेब असा झाला की तिचे सगळे सांधे जागेवर होते आणि पोरांपैकी चौघे माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसत होते.

शेवटी वस्ताद उठले. त्या दिवशी गुरुवार होता.

“शिर्डी कुठं हाये रं?” त्यांनी शेवगावच्याला विचारलं.

“आपल्याच जिल्ह्यात, वस्ताद.”

“तिथं मोहिद्दीन तांबोळी म्हनून गडी हुता. साईबाबांची न् त्याची येकदा जुंपली. कुस्ती झाली. कोन हारलं?”

वर्ग गप्प. या जिल्ह्यात या प्रश्नाचं उत्तर देण्याची कुणाची छाती होत नाही.

“बाबा हारले,” वस्ताद म्हणाले. “पोथीत लिवलंय. हारल्यावर बाबा म्हनले का, की माजे खांदे टेकलेच न्हाईत? पंच खोटा हाये म्हनले? हारले, कफनी घातली, लंगोट लावला, डोक्याला फडकं बांधलं आन् मशिदीत जाऊन बसले. मंग आता मोहिद्दीनच्या नावानं किती गाड्या सुटत्यात?”

दाभोलकरांच्या साईसच्चरितात ही कुस्ती खरोखर आहे, मी घरी येऊन पाहिलं. बाबा हरले आणि तेव्हापासून त्यांनी पेहराव बदलला, असं आहे. गाड्यांचं वस्तादांनी घातलं. ब्राझील आणि कराची मिळून जे जमलं नव्हतं ते पन्नास मैलांवरच्या शिर्डीने केलं. शेवगावच्याने बऱ्या झालेल्या हाताने भीत भीत गादीवर पहिली थाप मारली. आवाज बारीक आला. वस्ताद म्हणाले, “जोरात मार की, भाकर थापतोस का?” दुसरी मोठी आली, तिसरी त्याहून मोठी, आणि सवयीने त्याने चौथी मांडीवर हाणली. समोरचा डाव सोडून पुन्हा लढायला उभा राहिला. पण ते चालायचंच.

आता माझं. आखडलेला खांदा वर्ष-दोन वर्षांत बहुधा आपला आपण सुटत जातो, असं फिजिओथेरपीवाल्या बाईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. त्या टॉवेल धरून पाठीमागे हात न्यायचा जो व्यायाम देतात तो म्हणजे स्वतःच स्वतःला लावलेला किमुराच आहे, फक्त थाप मारून तो सुटत नाही. गेल्या महिन्यात माझा हात मागच्या खिशापर्यंत पोचला. हिने देवापुढे साखर ठेवली, मला दिली नाही. वर्गात मात्र पंचाईत झाली. भाच्याने हात पाठीमागे ठेवला, तो वितीभर गेला आणि तसाच पुढे गेला. एकोणीस पोरं माझ्या तोंडाकडे बघतायत आणि तोंडावर काहीच नाही. भाचा हळूच म्हणाला, “मामा, आता तुमचा उपयोग नाही राहिला.” वस्तादांनी माझ्या पाठीवर थाप मारली. एकदाच मारली, म्हणजे नियमाप्रमाणे शाबासकी.

जागा रिकामी झालीय. नगर शहर, सावेडी, केडगाव किंवा भिंगार इथल्या वाचकांपैकी ज्यांचा एखादा खांदा सध्या आखडलेला असेल, डावा असो की उजवा, त्यांनी संध्याकाळी सातला यावं. डॉक्टरांना विचारून यावं. कुणी ओढत नाही, फक्त तोंड बघतात. मानधन नाही, चहा मिळतो. येताना पुढून बटणं असलेला सदरा घालावा. बंडी काढायला तिथे कुणी मदत करत नाही.